राखून ठेवलेला पगार
(प्रस्तावना)

अर्धापूरच्या शिवारात इसापूरच्या कालव्यावर आणि विहिरींवर ऊस, केळी आणि हळद पिकते. या पिकांमागे शेतकरी उभा असतो, तसा पगारावर राबणारा माणूसही उभा असतो. कारखान्याच्या बॉयलरवरचा, पॅनवरचा, गोदामात पोत्यांची थप्पी लावणारा, टाइम ऑफिसात हजेरी लिहिणारा, केळीच्या गाड्या भरणारा. उसाला भाव किती मिळाला, एफआरपी म्हणजे कायद्याने ठरलेला किमान ऊसदर थकला का, यावर पारापासून विधानसभेपर्यंत बोलले जाते आणि ते योग्यच आहे. पण एकाच कारखान्यात पंचवीस-तीस सीझन घातलेल्या माणसाच्या हातात घरी जाताना काय पडले, हे त्याच्या घरच्यांपलीकडे कोणी विचारत नाही. ही पुस्तिका त्या माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे.

भविष्य निर्वाह निधी, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी हा कामगाराने कमावलेलाच पैसा आहे. तो महिन्याच्या महिन्याला त्याच्या हातात न देता म्हातारपणासाठी राखून ठेवलेला असतो. मालकाच्या मर्जीचा त्याच्याशी संबंध नाही. कायद्याने या पैशाला मोठे संरक्षण दिले आहे. कारखाना बुडाला तरी बँकेच्या आधी तो कामगाराला मिळावा, अशी तरतूद आहे. सावकाराने कोर्टातून हुकूमनामा आणला तरी त्यावर जप्ती येत नाही. मात्र या साऱ्या तरतुदींचा आधार एकच आहे: या माणसाने इतकी वर्षे, इतक्या पगारावर, इथे काम केले हे कागदावर दिसले पाहिजे. मराठवाड्यात हक्क बुडतो तो बहुतेक वेळा कायदा कमी पडल्यामुळे नव्हे, नोंद नसल्यामुळे. पुढच्या सर्व पानांचे सूत्र हेच आहे.

आपल्याकडे सहकारी साखर कारखान्यातली नोकरी सरकारीसारखीच समजली जाते. चेअरमन पुढारी, संचालक गावोगावचे वजनदार लोक, निवडणूक सरकारी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. त्यामुळे मुलगा कारखान्यात लागला की घर निर्धास्त होते. अर्धापूर तालुक्यात भाऊराव चव्हाण सहकारी साखर कारखाना आहे. लातूरकडे मांजरा, विकास, रेणा आहेत. या साऱ्या भागात कारखान्याची नोकरी हाच पक्क्या पगाराचा सर्वांत मोठा आधार राहिला आहे. पण निवृत्तीच्या बाबतीत सहकारी कारखान्याचा कामगार खाजगी कंपनीच्या कामगाराच्याच रांगेत असतो. त्याला वेतन आयोग नाही आणि महागाई भत्त्याबरोबर वाढणारी पेन्शनही नाही. त्याचे म्हातारपण उभे आहे ते दोन जुन्या कायद्यांवर: १९५२ चा भविष्य निर्वाह निधी कायदा आणि १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा. आता या दोन्हींची जागा सामाजिक सुरक्षा संहिता घेत आहे. त्याविषयी पुढे सांगतो.

पहिला कायदा आला तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. १५ नोव्हेंबर १९५१ रोजी अध्यादेश निघाला आणि ४ मार्च १९५२ रोजी त्याचा कायदा झाला. सुरुवातीला तो सहाच उद्योगांना लागू होता: सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. कापड यादीत असल्यामुळे गिरणी कामगार पहिल्याच फळीत या कायद्याच्या कक्षेत आले. निजामाच्या काळात सुरू झालेली नांदेडची उस्मानशाही मिल ही आपल्याकडची मोठी गिरणी. १९७४ च्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याने ती राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि पुढे बंद पडली. साखर उद्योग नंतर यादीत आला. आज वीस किंवा त्याहून अधिक माणसे कामाला असलेल्या बहुतेक आस्थापनांना निधी लागू होतो. विजेशिवाय चालणाऱ्या आणि पन्नासपेक्षा कमी माणसे असलेल्या सहकारी संस्थांना जुन्या कायद्याने वगळले होते. साखर कारखाना त्या सवलतीत बसण्याचा प्रश्नच येत नाही.

निधीचे गणित कामगाराने एकदा स्वतः कागदावर मांडून पाहावे. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना १५,००० रुपये धरा. त्याच्या १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये, कामगाराच्या पगारातून कापले जातात. तेवढेच १,८०० मालकाने आपल्या खिशातून घालायचे असतात. मालकाच्या या रकमेतले १,२५० रुपये पेन्शनच्या खात्यात जातात आणि ५५० निधीत. म्हणजे निधीत महिन्याला २,३५० रुपये जमा झाले पाहिजेत आणि पेन्शनच्या रकान्यात १,२५० दिसले पाहिजेत. मोबाइलवर पासबुक उघडले की हे तीन आकडे वेगवेगळे दिसतात: कामगाराचा हिस्सा, मालकाचा हिस्सा, पेन्शनचा हिस्सा. ज्या महिन्याचा पगार, त्याचा भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत व्हायला हवा. पगारपत्रकात १,८०० कापलेले दिसतात आणि पासबुकात तो महिनाच नाही, असे असेल तर गफलत त्याच महिन्यात पकडता येते. वीस वर्षांनी तीच गफलत शोधायला बसलो तर तेव्हाचे पगारपत्रक कोणाच्याच घरात सापडत नाही.

साखर कामगारासाठी एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो. सीझन संपल्यावर मोसमी कामगाराला घरी बसवताना जो रिटेन्शन भत्ता दिला जातो, त्यावरही निधीची वर्गणी भरावी लागते, असे कायद्यात शब्दशः म्हटले आहे. गाळप बंद असलेल्या महिन्यांत पासबुक रिकामे दिसत असेल आणि रिटेन्शन मात्र मिळाले असेल, तर त्या महिन्यांचा भरणा का नाही, हे विचारण्याचा हक्क कामगाराला आहे.

ग्रॅच्युइटीचा इतिहास वेगळा आहे. पूर्वी ती मालकाची कृपा समजली जाई. इमानेइतबारे नोकरी केलेल्या माणसाला जाताना काहीतरी द्यायचे, अशी ती रीत होती. साठच्या दशकाच्या सुरुवातीला गार्मेंट क्लीनिंग वर्क्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ग्रॅच्युइटी ही फुकट दिलेली देणगी नाही, ती केलेल्या सेवेबद्दलची आहे. पुढे १९७२ चा कायदा आला आणि १६ सप्टेंबर १९७२ पासून तो लागू झाला. दहा किंवा अधिक माणसे असतील तिथे तो लागू होतो. म्हणजे नांदेडच्या वजिराबादेतले मोठे कापड दुकान, लातूरची डाळ मिल, जिनिंग प्रेसिंग, खाजगी रुग्णालय, सगळे त्यात येतात. पाच वर्षांची सलग सेवा हवी. पण मृत्यू झाला किंवा अपंगत्व आले तर ही पाच वर्षांची अट राहत नाही. खाजगी शाळांतल्या शिक्षकांना ३ एप्रिल १९९७ पासूनचा हक्क २००९ च्या दुरुस्तीने मिळाला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. शिकवण्या आणि विनाअनुदानित शाळा हाच ज्या लातूर-नांदेडचा मोठा धंदा झाला आहे, तिथे ही गोष्ट फार थोड्या शिक्षकांना माहीत आहे.

आता साखर कारखान्यातल्या ग्रॅच्युइटीचा हिशेब जवळून पाहू. अठ्ठावीस वर्षे नोकरी झालेला एक कामगार धरा. त्याचा शेवटचा पगार, मूळ आणि महागाई भत्ता मिळून, १८,२०० रुपये आहे. कायद्याप्रमाणे महिन्याला कामाचे २६ दिवस धरतात. १८,२०० भागिले २६, म्हणजे एका दिवसाचे ७०० रुपये. कायम कामगाराला प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार मिळतो. ७०० गुणिले १५ म्हणजे १०,५००. त्याला २८ ने गुणले की २,९४,००० रुपये होतात.

हाच माणूस मोसमी असेल आणि वर्षभर कामावर नसेल, तर कायदा प्रत्येक सीझनला फक्त ७ दिवसांचा पगार देतो. ७०० गुणिले ७ म्हणजे ४,९००. अठ्ठावीस सीझनचे १,३७,२०० रुपये. दोन्हींतला फरक १,५६,८०० रुपयांचा आहे.

कितीतरी कामगार कागदावर मोसमी असतात आणि प्रत्यक्षात गाळप संपल्यावर ओव्हरहॉलिंगला राबतात. टर्बाइन उघडणे, मिलचे रोलर बदलणे, पाइप धुणे, गोदाम झाडणे, रखवाली करणे. त्या महिन्यांची हजेरी मस्टरवर लागली असेल, तर तो वर्षभर कामावर होता असे सांगून पंधरा दिवसांचा हिशेब मागता येतो. ती हजेरी कुठल्यातरी रोजंदारीच्या वहीत किंवा ठेकेदाराच्या खिशातल्या चिठ्ठीवर राहिली असेल, तर हे दीड लाख रुपये गेलेच म्हणून समजा. कायदा दोघांसाठी एकच आहे. फरक पडतो तो मस्टरच्या पानाने. शिवाय, साखर कामगारांच्या त्रिपक्षीय करारात किंवा कारखान्याशी झालेल्या करारात याहून चांगल्या अटी असतील, तर कायदा त्या काढून घेत नाही. जास्त फायद्याची अट कामगाराला मिळते. म्हणून कराराची प्रत युनियनकडून मागून घेणे हेही कामच आहे.

पेन्शनमध्ये मात्र मोसमी कामगाराच्या बाजूने एक तरतूद आहे आणि ती कामगारांपर्यंत फारशी पोचलेली नाही. १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेल्या कर्मचारी पेन्शन योजनेत, म्हणजे ईपीएस-९५ मध्ये, असे स्पष्टीकरण आहे की मोसमी कामगाराने वर्षातले काही महिने काम केले असले तरी पेन्शनसाठी ते पूर्ण वर्ष धरायचे. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. म्हणजे पाच महिन्यांच्या दहा सीझनवरही माणूस पेन्शनला पात्र होऊ शकतो. अट एवढीच की त्या प्रत्येक सीझनची वर्गणी भरलेली असली पाहिजे आणि ती एकाच खात्याला जोडलेली असली पाहिजे.

पेन्शनची रक्कम तुटपुंजी आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. सूत्र सोपे आहे: पेन्शनयोग्य पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. पगाराची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये आहे, त्याआधी ६,५०० होती. दहा वर्षांच्या सेवेवर १५,००० च्या मर्यादेने हिशेब केला तरी महिन्याला साधारण २,१४३ रुपये होतात. २०१४ मध्ये किमान पेन्शन १,००० रुपये ठरली. एवढे पैसे नांदेडला बसने जाऊन बीपी-शुगरची गोळी आणायलाही महिनाभर पुरत नाहीत. बुलडाण्यातून उभे राहिलेले ईपीएस-९५ पेन्शनरांचे आंदोलन किमान साडेसात हजार आणि महागाई भत्ता मागते, ती मागणी या वास्तवातून आली आहे. प्रत्यक्ष पगारावर वर्गणी भरून जास्त पेन्शन घेण्याचा प्रश्न ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने मर्यादित स्वरूपात सोडवला. त्यातही ज्यांच्याकडे जुन्या भरण्याचे पुरावे होते, त्यांनाच पुढे सरकता आले. नोंदीचा मुद्दा इथेही चुकत नाही.

विधवेच्या हक्काबद्दल तर घरोघरी सांगायला हवे. कामावर असताना कामगार गेला, तर त्याची पेन्शनची वर्गणी एका महिन्याची भरलेली असली तरी पत्नीला पेन्शन मिळते. पंचवीस वर्षांखालच्या दोन मुलांना वेगळा हिस्सा मिळतो. त्याशिवाय १९७६ पासून निधीशी जोडलेली विमा योजना आहे. तिची कमाल रक्कम सात लाख रुपये आहे आणि कामगाराला त्यासाठी एक पैसाही भरावा लागत नाही. पण वारसाची नोंद लग्नाआधी आईच्या नावाने केलेली असते आणि नंतर कोणी ती बदलत नाही. लग्न झाले की निधीची जुनी वारसनोंद कायद्याने रद्द होते आणि नवी केली नाही तर दुःखाच्या दिवसांत घरात वाद सुरू होतात. ग्रॅच्युइटीची वारसनोंद वेगळ्या नमुन्यात, मालकाकडे करावी लागते. एक केली म्हणजे दुसरी झाली, असे नसते.

आता कायद्याने या पैशाला घातलेल्या कुंपणाविषयी. हे कुंपण किती उंच आहे, हे कामगाराला कळले तर तो अर्ज घेऊन जाताना कचरणार नाही.

पगारातून कापलेली वर्गणी मालकाने भरली नाही, तर ती फक्त थकबाकी राहत नाही. कापलेला पैसा कामगाराने विश्वासाने मालकाकडे सोपवला, असे कायदा मानतो. तो न भरणे हा फौजदारीपात्र न्यासभंग ठरतो. भारतीय दंड संहितेच्या कलम ४०५ च्या स्पष्टीकरणात हे होते आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्येही आहे. उशीर झाला तर वर्षाला १२ टक्के व्याज लागते आणि वर दंडात्मक नुकसानभरपाई. मालकाचा हेतू वाईट होता का, हे सिद्ध करत बसण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले. निधीच्या अधिकाऱ्याला थेट मालकाच्या बँक खात्यातून वसुली करता येते.

कारखाना कर्जात बुडाला तर काय? हा प्रश्न मराठवाड्याला फार जवळचा आहे. नांदेड जिल्ह्यातला कलंबर, शंकरनगरचा गोदावरी मनार, लातूरकडचा अंबुलगा, किल्लारी, अशी कारखान्यांची नावे घेतली की बंद पडलेली धुराडी डोळ्यांपुढे येतात. काही कायमचे थांबले, काही वर्षांनुवर्षे बंद राहून दुसऱ्या हातांनी पुन्हा सुरू झाले. अशा वेळी साखरेची पोती बँकेकडे तारण असतात, जमीन आणि यंत्रे गहाण असतात, आणि कामगाराला सांगितले जाते की आता बँकेचे भागल्यावर उरले तर तुझे. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेले महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेचे प्रकरण याच प्रश्नाचे होते. ते औरंगाबाद खंडपीठाकडून वर गेले होते. बँकेचे म्हणणे होते की साखर आमच्याकडे तारण आहे, तेव्हा पहिला हक्क आमचा. न्यायालयाने निधी कायद्याच्या कलम ११ वर बोट ठेवले. निधीची थकबाकी हा आस्थापनेच्या मालमत्तेवरचा पहिला बोजा आहे, इतर सर्व देण्यांआधी ती द्यायची आणि त्यात व्याज व दंडही धरायचे, असा निकाल झाला. आपल्या मातीतल्या साखरेवरून झालेला हा निकाल देशभरातल्या कामगारांच्या उपयोगी पडतो आहे.

कारखाना भाड्याने दिला किंवा विकला तरी जुनी देणी हवेत विरत नाहीत. विक्री असो, भाडेपट्टा असो, परवान्याने चालवायला देणे असो, हस्तांतराच्या दिवसापर्यंतच्या निधीच्या थकबाकीला जुना आणि नवा असे दोघेही जबाबदार असतात. नव्याची जबाबदारी त्याला मिळालेल्या मालमत्तेच्या किमतीपुरती असते. कंपनी दिवाळखोरीत गेली तर निधी, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी फंडातले कामगारांचे पैसे दिवाळखोरी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे वाटपाच्या मालमत्तेत धरले जात नाहीत. मुंबईच्या जेट एअरवेजच्या कामगारांना २०२२-२३ मध्ये अपील न्यायाधिकरण आणि सर्वोच्च न्यायालय दोन्हीकडे याच मुद्द्यावर दिलासा मिळाला. विमान कंपनीच्या कर्मचाऱ्याला लागू झालेले तत्त्व खाजगी कंपनीच्या साखर कारखान्यातल्या बॉयलरवाल्यालाही तेवढेच लागू आहे.

ग्रॅच्युइटी देण्याची मुदत तीस दिवसांची आहे. त्यानंतर व्याज सुरू होते. मालकाने दिली नाही, कमी दिली किंवा नाकारली, तर नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. कामगाराचा पहिला अर्ज उशिरा गेला म्हणून हक्क संपत नाही. कमाल मर्यादा २९ मार्च २०१८ पासून वीस लाख रुपये आहे. ग्रॅच्युइटी असो की निधी, कोर्टाच्या हुकूमनाम्यातही त्यावर जप्ती येत नाही. उसनवारीत अडकलेल्या माणसाने हे वाक्य दोनदा वाचावे.

ठेकेदाराकडच्या कामगाराला नेहमी ऐकवले जाते की तू आमचा नाहीस. निधीच्या कायद्यात मात्र ठेकेदारामार्फत आस्थापनेच्या कामाला लागलेला माणूसही कामगारच आहे. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर मूळ मालकाने भरायची आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायची. पोती भरणारा, रखवालदार, सफाई करणारी बाई, सगळे यात येतात.

आता आपल्या तरुण मुलांबद्दल. अर्धापूर, मुदखेड, हदगाव, अहमदपूर, निलंगा या भागांतली पोरे बारावी-आयटीआय करून चाकण, रांजणगाव, भोसरी, वाळूजला जातात. आठ-अकरा महिन्यांचा ठेका, मग दुसरी कंपनी, मग तिसरी. प्रत्येक ठिकाणी नवे खाते निघते, प्रत्येक वेळी गावी येताना फंड काढला जातो, आणि त्याबरोबर पेन्शनचेही पैसे काढले जातात. हातात बारा-पंधरा हजार येतात. सेवेची वर्षे मात्र पुसली जातात. तीच खाती एका यूएएनला, म्हणजे नोकरी बदलली तरी न बदलणाऱ्या निधीच्या क्रमांकाला, जोडली असती आणि पेन्शनचे पैसे न काढता सेवा पुढे नेली असती, तर चाळिशीतच दहा वर्षे पुरी झाली असती. नाव जुळत नाही म्हणून खाती जोडली जात नाहीत, हीही रोजची तक्रार. आपल्याकडे मारोती असतो, कंपनीच्या रजिस्टरात मारुती होतो, आधारवर तिसरेच काही. वडिलांचे नाव, जन्मतारीख, आडनाव यांतला एक अक्षराचा फरकही दावा अडवतो. तो फरक नोकरी चालू असताना मालकाच्या सहीने दुरुस्त होतो. मालक बदलला, कंपनी बंद झाली, मग तीच सही शोधत फिरावे लागते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतली सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही आपल्या विषयाची. तिने काही चांगले बदल आणले आहेत. ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्या कामगाराला आता एक वर्षाच्या सेवेवरही प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. चाकणच्या पोरांसाठी ही फार महत्त्वाची गोष्ट आहे. पगाराची व्याख्या बदलली आहे. भत्त्यांच्या नावाखाली निम्म्याहून जास्त रक्कम बाहेर ठेवली, तर जादा भाग पगारात धरला जातो. मूळ पगार चार हजार आणि बाकी सगळे भत्ते, अशी पगारपत्रके करून वर्गणी वाचवण्याची वाट त्याने अरुंद होईल. पंधरा दिवसांचा हिशेब, सव्वीसने भागणे आणि सीझनला सात दिवस, हे जुने गणित संहितेतही तसेच आहे.

पण याच संहितेत एक मुदत आहे आणि ती प्रत्येक कामगाराने लक्षात ठेवावी. निधीच्या थकबाकीची चौकशी सुरू करायला पाच वर्षांची मर्यादा घातली आहे. पूर्वी अशी ठरलेली मर्यादा नव्हती. वीस वर्षांपूर्वी कापलेली वर्गणी आता निवृत्तीच्या वेळी शोधू, हा विचार यापुढे चालणार नाही. जो नोकरीत असतानाच पासबुक पाहतो आणि वेळेत लेखी तक्रार करतो, त्यालाच कायद्याचा पुरेपूर उपयोग होईल.

या पुस्तिकेच्या मर्यादाही सांगतो. कोयता घेऊन फडात जाणारे ऊसतोड कामगार, केळीच्या बागेत रोजाने जाणाऱ्या बाया, हळद शिजवणारे मजूर यांना निधी आणि ग्रॅच्युइटीचे हे कायदे आज प्रत्यक्षात पोचत नाहीत. मुकादमाची उचल आणि कारखान्याचे हात वर करणे यांत त्यांचा मालक कोण, हेच ठरत नाही. त्यांच्यासाठी राज्यात गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे आणि केंद्राची २०१९ ची श्रमयोगी मानधन योजना साठीनंतर महिना ३,००० रुपयांचे आश्वासन देते. पण स्वतः वर्गणी भरून मिळणारी पेन्शन आणि मालकाच्या डोक्यावर कायद्याने बसवलेली जबाबदारी, यांत मोठे अंतर आहे. ज्याच्या उसावर कारखाना चालतो आणि ज्याच्या कोयत्यावर तो ऊस येतो, त्या दोघांत कोयतेवाल्याचे म्हातारपण अधिक उघडे आहे. त्यांचा प्रश्न कायदा बदलून सोडवावा लागेल आणि त्यासाठी संघटित कामगारानेच पहिला आवाज द्यायला हवा.

पुढच्या प्रकरणांची मांडणी कामगाराच्या आयुष्याच्या क्रमाने केली आहे. आधी कामावर लागण्याचा दिवस: नेमणूकपत्र, यूएएन, वारसनोंद. मग चालू नोकरी: पगारपत्रक आणि पासबुक कसे जुळवायचे, सीझनची आणि ऑफ सीझनची हजेरी कशी जपायची. त्यानंतर ठेका, बदली, कारखाना बंद पडणे, भाड्याने जाणे. शेवटी निवृत्ती, मृत्यू, अर्ज, दावे आणि अपील. कलमांचे आकडे जिथे अर्जात लिहावे लागतात तिथेच दिले आहेत. प्रत्येक हिशेब आकड्यांनी सोडवून दाखवला आहे, म्हणजे आपल्या पगाराचा आकडा घालून कोणालाही तो घरी करता येईल.

निवृत्त झालेल्यांना ही पुस्तिका उपयोगी पडेलच. पण ज्याची निवृत्ती वीस-पंचवीस वर्षे लांब आहे, त्याने ती आधी वाचावी, असा माझा आग्रह आहे. यंदाच्या सीझनला जो पहिल्यांदा गेटमधून आत जाईल, त्याने पहिल्या पगाराचे पत्रक, पहिल्या सीझनची हजेरी आणि पासबुकातली पहिली नोंद एका फाइलला लावावी, आणि दर वर्षी त्यात भर घालावी. त्याच्या घरातल्या बाईला ती फाइल कुठे आहे आणि त्यात काय आहे, हे माहीत असावे. युनियनच्या कार्यकर्त्यांनी दर सीझनच्या शेवटी गेटवर बसून प्रत्येकाचे पासबुक उघडून पाहावे. त्याला एक दिवस लागतो आणि खर्च काहीच नाही. कायद्याने कामगाराच्या म्हातारपणाला जे द्यायचे ते बरेचसे देऊन ठेवले आहे. ते घरी आणायचे तर ही कागदपत्रांची मेहनत आपल्यालाच करावी लागेल, आणि ती तरुणपणीच करावी लागेल.

अर्धापूर, जिल्हा नांदेड